दुपारी चारला सुट्टी, रात्री दोनला भूल उतरणार

दुपारी चारच्या सुमारास दवाखान्यातून सुट्टी मिळते आणि हाताची भूल उतरते रात्री एक-दोनला. त्याच दिवशी घरी सोडायच्या ऑपरेशनांबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली, तर मी ही सांगेन. टाके पडलेले असतात, सर्जननी ‘झालं, जावा आता’ म्हटलेलं असतं, पेशंट रिक्षानं विडी घरकुलला किंवा एसटीनं मोहोळ-बार्शीला पोचलेलाही असतो. तरी मी दिलेलं औषध त्याच्या कॉलरबोनमागं अजून कामावर असतं. मी मात्र तिथं नसतो. त्या नऊ-दहा तासांत काय करायचं आणि काय टाळायचं, हे पेशंटला आणि घरच्यांना माझ्याइतकंच माहीत असायला हवं. बहुतेकदा ते नसतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. सोलापुरात आमच्यातले बरेच जण एका दवाखान्याला बांधलेले नाहीत. सकाळी होटगी रोडला हर्निया, दुपारी साखर पेठेत मोडलेलं मनगट, संध्याकाळी कुणाचं तरी भगंदर, आणि औषधांची पेटी कायम गाडीत. पेशंटला सर्जनचं नाव पाठ असतं. भूल कुणी दिली हे विचारलं तर ‘ते चष्मेवाले होते बघा एक’ इतपत. तक्रार नाही, पण समजावून सांगायला मिळणारा वेळ थोडा असतो. म्हणून हा लेख.

पूर्ण भूल आणि जागेपुरती भूल

पूर्ण भूल म्हणजे मेंदूलाच झोपवणं. श्वासासाठी घशात नळी, गॅस, मशीन, आणि जाग आल्यावर काही तास गुंगी. जागेपुरत्या भुलेत मेंदू जागाच राहतो. ज्या भागावर काम करायचं, तिथून मेंदूकडं जाणारी नस वाटेत कुठंतरी अडवायची, एवढंच.

बोट कापलं तरी दुखणं जाणवतं ते मेंदूत. बोटापासून मेंदूपर्यंत निरोप जातो तो मज्जातंतूंमधून. तंतूच्या बाहेर सोडियमचे कण असतात, ते बारीक दारांतून आत शिरतात, एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी असं होत होत निरोप वर सरकतो. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन ही औषधं या दारांना आतून खिट्टी लावतात. तंतूला इजा होत नाही. औषध हळूहळू रक्तात निघून गेलं की दारं पुन्हा उघडतात.

आता अडवायचं कुठं? सोलापूरकराला हे पाण्याच्या हिशेबात लगेच कळेल. उजनीची लाइन शहरात येते, पेठेपेठेला फाटे फुटतात. मोठा व्हॉल्व्ह फिरवला तर अख्खा भाग कोरडा, गल्लीच्या तोंडाचा फिरवला तर तेवढीच गल्ली. आमचं काम त्या चावीवाल्याचं. यंत्रमागात सापडून बोटाचं टोक चिरडलं असेल, तर बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोन बारीक इंजेक्शनं पुरतात. तळहाताचं काम असेल तर मनगटाशी. मनगटाचं हाड बसवून तार किंवा पट्टी घालायची असेल, तर काखेत किंवा कॉलरबोनच्या वर, जिथं मानेतून निघालेल्या पाच मुळांचा जाड गुंता एकत्र येतो आणि एकाच ठिकाणी सगळा हात गाठता येतो. मधुमेहात काळं पडलेलं पायाचं बोट काढायचं असेल तर घोट्याभोवती. मोतीबिंदूला तर आता पुष्कळदा नुसते थेंब पुरतात.

हर्निया, हायड्रोसिल, मूळव्याध, पायाच्या फुगलेल्या शिरा, गुडघ्यात दुर्बीण घालणं, अशा कंबरेखालच्या कामांना कमरेतलं इंजेक्शन, म्हणजे स्पायनल. याच्याबद्दल लोकांच्या मनात सगळ्यात जास्त धास्ती असते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपासच संपतो. त्याच्या खाली पाण्यासारख्या द्रवात सुट्या नसांचे धागे तरंगत असतात. आम्ही सुई घालतो ती तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीत. तिथं रज्जू नसतोच, त्यामुळं ‘सुई मज्जारज्जूत घुसली तर’ या भीतीला जागा फार थोडी उरते. कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ बोटांनी चाचपून त्यांना जोडणारी रेघ मनात ओढली, की ती साधारण चौथ्या मणक्यावर येते. पेशंटच्या पाठीवर आम्ही बोटं फिरवत असतो ते याचसाठी. औषध किती? दोन-तीन मिलिलिटर, चहाच्या चमच्याच्या निम्म्याइतकं. पाठ मांजरासारखी गोल करा असं आम्ही सांगतो, कारण त्यानं मणक्यांमधली फट उघडते. पेशंटनं तेवढं नीट केलं तर निम्मं काम त्यानंच केलेलं असतं.

थोडा इतिहास

१८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरानं कोकेनचे थेंब डोळ्यात घालून पाहिले, आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्याही. डोळा जागा राहिला आणि दुखणं गेलं. १८९८ मध्ये जर्मनीत कील इथं ऑगस्ट बिअर यांनी कण्यातल्या द्रवात कोकेन सोडून ऑपरेशनं केली. नंतर ते आणि त्यांचा सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवरच करायचं ठरवलं. बिअरना सुई घातली, पण पिचकारी सुईला नीट बसेना आणि द्रवच बराच वाहून गेला. मग हिल्डेब्रांटची पाळी. त्याचे पाय बधिर झाल्यावर बिअरनी त्याच्या नडगीवर हातोडीनं ठोकलं, जळता सिगार टेकवला. त्याला काही कळलं नाही. रात्री दोघांनी जेवण, वाइन, सिगार असा बेत केला, आणि पुढचे कित्येक दिवस बिअर डोकं धरून आडवे पडले. बसलं की डोकं ठणके, आडवं झालं की थांबे. ही डोकेदुखी आजही काही पेशंटना होते, तिच्याकडं पुढं येतो.

कोकेनचं व्यसन आणि विषारीपण बघता त्याला पर्याय हवा होता. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं. आज दाताच्या डॉक्टरपासून सिव्हिलच्या ड्रेसिंग रूमपर्यंत सगळीकडं दिसते ती तीच बाटली.

सोलापुरात मला हा मार्ग का आवडतो

उलटी-मळमळ कमी, गुंगी कमी, पहिले काही तास दुखणं जवळजवळ नाही, त्यामुळं लवकर घरी सोडता येतं, ही पुस्तकातली कारणं सगळीकडं सारखीच. आपल्याकडं आणखी एक आहे: मावा आणि गुटखा. वर्षानुवर्षे गाल भरून मावा खाल्लेल्या माणसाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. आतली कातडी पट्ट्यासारखी आखडलेली असते. पूर्ण भूल द्यायची तर त्या तोंडातून नळी घालायची असते, आणि तिथंच आमचा घाम निघतो. अशा माणसाचा नुसता हात बधिर करून काम भागत असेल तर तोंडाच्या वाटेला जावंच लागत नाही.

पण इथं एक मेख आहे. जागेपुरती भूल कधी कधी अर्धवट लागते. एखादी नस सुटते, करंगळीकडची बाजू जागी राहते. थोडं औषध वाढवून बहुधा निभावतं. नाहीच निभावलं तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्या वेळी ते न उघडणारं तोंड पुन्हा समोर येतं. म्हणून चांगला भूलतज्ज्ञ तोंड उघडायला लावून आधीच बघून ठेवतो, हाताचं ऑपरेशन असलं तरी. ‘हात दुखतोय, तोंड काय बघता’ म्हणून चिडू नका.

उपाशी राहायला सांगतात तेही याच कारणासाठी. ‘हातच बधिर करणार ना, मग पोट रिकामं कशाला?’ हा प्रश्न रोजचा. भूल पुरी पडली नाही, गुंगीचं औषध लागलं किंवा औषधाची रिअॅक्शन आली, तर पोटातलं अन्न वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. हलक्या खाण्याला सहा तास, तेलकट-मांसाहारी जेवणाला आठ तास. दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. ‘काहीच खाल्लं नाही, नुसता चहा घेतला’ असं सांगणाऱ्या मावशींचं ऑपरेशन दुपारवर जातं ते यामुळं. गालातला मावाही चालत नाही. तो आपण खाण्यात धरत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारतो.

साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. हे ऐकून निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना, लोक आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता येतात. मग कमरेत इंजेक्शन दिलं की पायांच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आधीच कोरडं पडलेलं रक्त खाली जमतं आणि बीपी धाडकन उतरतं. डोळ्यांपुढं अंधारी, मळमळ. सलाईन आणि मेफेंटरमिनसारखं इंजेक्शन देऊन आम्ही ते सावरतो, पण आधी प्यायलेलं पेलाभर पाणी जास्त स्वस्त. तुमच्या डॉक्टरांनी वेळ वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. काही पोटांना जास्त वेळ लागतो.

डायलिसिसवाल्यांचा वेगळा उल्लेख करतो. मनगटाशी शीर आणि धमनी जोडून फिस्तुला करतात, त्यानंतरच नीट डायलिसिस होतं. किडनी गेलेल्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला पूर्ण भूल देणं अवघड. हाताची नस बधिर केली तर दुहेरी फायदा: भूल तर मिळतेच, शिवाय हाताच्या शिरा फुगतात आणि सर्जनला टाके घालायला सोपं जातं.

टेबलावर काय जाणवतं

हातमाग-यंत्रमागावर काम करणारा एखादा अण्णा टेबलावर असतो. घरी तेलुगू, कारखान्यात हिंदी, माझ्याशी मराठी. कॉलरबोनच्या वर आधी बारीक सुईनं कातडी बधिर करतो, मग लांब सुई. औषध एकदम ढकलत नाही. थोडं घालायचं, मागं ओढून बघायचं की रक्त तर येत नाही, मग पुन्हा थोडं. दर वेळी विचारायचं, ‘जिभेला काही वेगळं लागतंय का? कानात गुंऽऽ होतंय का?’ पेशंटला वाटतं डॉक्टर गप्पा मारतायत.

लिग्नोकेन काही मिनिटांत चढतं, ब्युपिव्हाकेनला वीसेक मिनिटं लागतात. आधी हात गरम वाटतो, मग जड. मी स्पिरिटचा बोळा आधी चांगल्या हाताला लावतो, मग या हाताला. ‘थंड लागतंय?’ कुणाला ‘चल्लगा उंदा?’ म्हणून विचारायचं, इंडी-विजयपूरकडून आलेल्या आज्जीला कन्नडमध्ये ‘नोवु’, म्हणजे दुखणं, आहे का म्हणून. थंडपणा जातो तेव्हा दुखणंही जात आलेलं असतं. स्पर्श त्याच्यानंतर जातो, आणि हालचाल सगळ्यात शेवटी. त्यामुळं ऑपरेशनच्या वेळी ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवू शकतं. ते चालतं. टोचलं, कापलं असं जाणवलं तर लगेच बोला, सहन करू नका. सहन करण्यात काहीच बहादुरी नाही, उलट मला अंदाज चुकवायला लावता तुम्ही.

आणि एक गंमत. हात पूर्ण बधिर झाला की मेंदूला तो कुठं आहे याची खबर मिळेनाशी होते, आणि तो शेवटची खबर धरून बसतो. हात पोटावर ठेवलेला असतो आणि अण्णा म्हणतात, ‘हात वर कशाला धरलाय ओ माझा, खाली सोडा की.’ मान वळवून बघितलं की त्यांचाच विश्वास बसत नाही. कमरेतल्या इंजेक्शननंतर पाय हवेत उचलून धरल्यासारखे वाटतात तेही यामुळंच. घाबरायचं काही नाही.

जागं राहायची भीती वाटत असेल तर तसं सांगा. थोडं गुंगीचं औषध देता येतं. लहान मुलांना बहुतेकदा आधी झोपवतो आणि मग जागेपुरती भूल देतो, म्हणजे जाग आल्यावर ती रडून गोंधळ घालत नाहीत.

सुई कुठं चाललीय हे कसं कळतं? पूर्वी हाडांच्या खुणांवर अंदाज. मग एक यंत्र आलं, सुईतून अगदी सौम्य वीज सोडणारं. नस जवळ आली की बोटं उडतात. आता सोनोग्राफीवर नस, रक्तवाहिनी, फुप्फुस आणि सुई सगळं पडद्यावर दिसतं, औषधही कमी लागतं. मग सगळीकडं हेच का वापरत नाहीत? पैसा हे एक कारण. दुसरं कायद्याचं. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते आणि ते नोंदणीच्या जागेशी बांधलेलं असतं, कारण गर्भलिंग तपासणीसाठी त्याचा गैरवापर झाला. कायदा गरजेचाच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्यामुळं माझ्यासारखा गावभर फिरणारा भूलतज्ज्ञ औषधाच्या पेटीसारखं मशीन गाडीत टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेऊ शकत नाही. जिथं ते आहे तिथंच वापरता येतं.

धोके, न लपवता

वजन विचारतो ते फॉर्म भरण्यापुरतं नाही. साध्या लिग्नोकेनची मर्यादा आम्ही किलोमागं ३ मिलिग्रॅम धरतो. ५० किलोच्या बाईला १५० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या बाटलीतलं फक्त साडेसात मिलिलिटर. अॅड्रेनलिन मिसळलं तर ते औषध जागेवर जास्त वेळ राहतं आणि मर्यादा किलोमागं ७ वर जाते. ‘दोन्ही हातांचं एकदमच करून टाका’ याला आम्ही कधी कधी नाही म्हणतो, ते या हिशेबामुळं.

औषध जास्त झालं किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तोंडात धातूची चव येते, ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज होतो. वाढलं तर झटके येतात आणि हृदय थांबू शकतं. ब्युपिव्हाकेन हृदयाला जास्त चिकटतं. यावर फार काळ खात्रीचा उपाय नव्हता. १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की शिरेतून पोषणासाठी देतात ते दुधासारखं पांढरं तेलाचं मिश्रण दिलं तर हृदय सावरतं. २००६ मध्ये पहिल्यांदा माणसाचा जीव त्यानं वाचल्याची नोंद झाली. जिथं अशी भूल देतात तिथं ती २० टक्क्यांची बाटली हाताशी हवी. ‘आहे ना?’ असं विचारायला पेशंटनं लाजू नये.

नसेला कायमची इजा दुर्मीळ आहे, दहा हजारांत दोन ते चार इतकी. काही दिवस किंवा आठवडे मुंग्या राहणं त्याहून जास्त दिसतं आणि बहुधा आपोआप जातं. खांद्याच्या ऑपरेशनसाठी मानेत भूल दिली तर त्या बाजूचा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, काही तास ढिला पडतो. चांगल्या छातीच्या माणसाला हे कळतही नाही. सुताच्या धुळीत आयुष्य काढलेल्या किंवा बिड्या ओढून छाती भरलेल्या माणसाला मात्र जड जातं, तिथं दुसरी जागा शोधायची.

बिअर यांची डोकेदुखी आता बारीक सुयांमुळं खूप कमी झालीय. झाली तर एक-दोन दिवसांनी सुरू होते, आणि खूण तीच: उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. पाणी, कॉफी, साध्या गोळ्यांनी बहुधा जाते. नाहीच गेली तर पेशंटचंच थोडं रक्त काढून कमरेत त्या छिद्राजवळ सोडतात, ते गोठून छिद्र बुजतं. ऐकायला अघोरी वाटतं, पण चांगला उपाय आहे.

कंबर आयुष्यभर दुखते का? सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो, त्याला हरकत नाही. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा मात्र स्पायनलशी संबंध दाखवता आलेला नाही. सिझेरियननंतर बाळाला वाकून दूध पाजणं, घागरी उचलणं, दिवसभर मांडी घालून विड्या वळणं, यांचा विचार कुणी करत नाही. दोष त्या एका सुईवर जातो.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मात्र अजिबात लपवू नका. अॅस्पिरिन बहुतेकदा चालतं, पण क्लोपिडोग्रेल पाच-सात दिवस, वॉरफेरिन पाचेक दिवस आधी थांबवावं लागतं, नाहीतर कण्यात रक्त साचून पाय जाऊ शकतात. स्वतःच्या मनानंही बंद करू नका; हृदयात स्टेंट असेल तर ते वेगळंच संकट. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणा. ‘ती एक पांढरी छोटी गोळी’ यावरून मला काही कळत नाही.

घरी गेल्यावर

कमरेतलं इंजेक्शन असेल तर पाय पूर्ण मोकळे झाल्याशिवाय, आधार न घेता चार पावलं टाकल्याशिवाय आम्ही सोडत नाही. लघवी झाली का हेही विचारतो, विशेषतः हर्निया-मूळव्याधीनंतर आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना. लघवी तुंबली तर रात्री पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. नेहमीचं औषध दोन-तीन तास टिकतं. क्लोरोप्रोकेनसारखी लवकर उतरणारी औषधं निघाल्यापासून छोट्या कामांना घरी जाणं लवकर जमतं.

हाताचं वेगळं. हात बधिर असतानाच घरी सोडतो, कारण भूल उतरायची वाट बघत बसलं तर अख्खी रात्र जाईल. तो हात झोळीतच राहू द्या. रिक्षात बसताना बाहेरच्या बाजूला ठेवू नका. लटकून कशावर आपटला तरी कळणार नाही. चुलीजवळ, तव्याजवळ, गरम पाण्याच्या पिशवीजवळ नेऊ नका. झोपताना अंगाखाली सापडला का ते घरच्यांनी बघायचं. प्लास्टर असेल तर दर दोन तासांनी बोटांच्या टोकांचा रंग बघा. प्लास्टर आवळतंय हे बधिर हात सांगणार नाही, बोटं निळी-पांढरी पडली किंवा फुगली तर तेच सांगतील, आणि मग सकाळची वाट बघायची नाही.

आता मुख्य मुद्दा, गोळीचा. संध्याकाळी पेशंट म्हणतो, ‘दुखतच नाही तर गोळी कशाला?’ आणि झोपतो. भूल हळूहळू उतरत नाही, उतरते ती तासा-दोन तासांत. रात्री दोनला माणूस ओरडत उठतो, गोळी घेतो, तिला काम करायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोपर्यंत घर जागं, फोन सुरू, आणि ‘भूल चुकली’ अशी बोलणी. भूल चुकलेली नसते, गोळीची वेळ चुकलेली असते. रात्रीच्या जेवणाबरोबर, हात अजून लाकडासारखा असतानाच, लिहून दिलेली गोळी घ्या. बोटांना मुंग्या येऊ लागल्या म्हणजे दारं उघडायला लागली. तोवर गोळी पोटात असायला हवी. पुढची मात्रा ठरल्या वेळीच, दुखायची वाट न बघता. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर कुठली गोळी हे आधीच विचारून घ्या, मेडिकलवाल्याला रात्री उठवून नको.

गुंगीचं औषध दिलं असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, कागदावर सही करायची नाही, दारू नाही. आणि घरात एक शहाणं माणूस हवं. मुलगा पुण्याला, सून कामावर, शेजारीण ‘बघते’ म्हणाली, एवढ्यावर भागत नाही. तसं असेल तर स्पष्ट सांगा, एक रात्र दवाखान्यात राहिलात तर आभाळ कोसळत नाही.

विम्याचंही विचारतात. पॉलिसीत एरवी २४ तास अॅडमिट राहायची अट असते, पण डे-केअर उपचारांना ती लागत नाही. पूर्वी ज्याला दिवसभराहून जास्त राहावं लागलं असतं आणि आता तंत्र सुधारल्यानं कमी वेळात होतं, ते भूल देऊन दवाखान्यात केलेलं काम यात बसतं. ओपीडीत केलेली किरकोळ कामं बसत नाहीत. कागदावर अॅडमिट आणि डिस्चार्जची वेळ, दिलेल्या भुलेचा प्रकार लिहिलेला आहे का ते सुट्टीआधी बघून घ्या, नंतर हेलपाटे वाचतात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात पूर्ववत यायला हवा. २४ तास उलटूनही बधिरपणा तसाच असेल, पाय गळाल्यासारखा वाटत असेल, लघवी होत नसेल, धाप लागत असेल, सुईच्या जागी लाली-सूज किंवा ताप असेल, तर फोन करा, रविवार असला तरी. नंबर नसेल तर सर्जनना लावा. ते तेवढ्यासाठी मला जेवणाच्या ताटावरून उठवतातच.